बोटास इजा झाली असता

सकाळी अंथरुणातून उठताच प्रथम आपल्या दोन्ही तळहातांचे दर्शन घ्यावे, अशी आपल्याकडे जुनी चाल आहे. आजीने लहानपणी लावलेली ही सवय मी साठ वर्षे यंत्रवत पाळली. परंतु हात पाहणे म्हणजे काय, हे मला कळले ते दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात, आणि तेही एका लोखंडी दरवाजाच्या कृपेने. त्या दरवाजाची हकीकत सांगितल्यावाचून आजच्या विषयाकडे वळता येत नाही, म्हणून प्रथम ती सांगतो. मी वैद्य नव्हे. जुन्या अकरावीचा मॅट्रिक झालेला आणि प्राथमिक शाळेत सदतीस वर्षे खडू झिजवून निवृत्त झालेला मी एक मास्तर आहे. तेव्हा पुढे जे शास्त्र येईल ते माझ्यावर उपचार करणाऱ्यांकडून आणि मागाहून केलेल्या वाचनातून घेतलेले, म्हणजे सर्वस्वी उसने आहे. बोट मात्र माझे आहे.

आमच्या इमारतीच्या गच्चीस लोखंडी दरवाजा आहे. पावसाची सर आली म्हणून वाळत घातलेले कपडे काढावयास मी वर गेलो. डाव्या हातावर कपड्यांचा ढीग घेतला आणि उजवा हात चौकटीवर, बिजागरीच्या बाजूस टेकून उंबरठा ओलांडू लागलो, तोच वाऱ्याचा झोत आला. दरवाजा आपटल्याचा आवाज मला आठवतो; वेदना आठवत नाही. उजव्या तर्जनीचे टोक, नखाच्या निम्म्यापासून पुढचे, तुटून चौकटीशी पडले होते.

माझ्या पत्नीने मोठे प्रसंगावधान दाखविले. जखमेवर धुतलेला पंचा दाबून धरला, शेजाऱ्यांस हाक मारली, आणि ते तुटलेले टोक नासू नये म्हणून एका डब्यात बर्फाचे खडे घालून त्यांत पुरून ठेवले. बर्फात वस्तू टिकते, हे कोणत्या गृहिणीस ठाऊक नसते? अर्ध्या तासात आम्ही रुग्णालयात पोहोचलो. तेथील शल्यचिकित्सकांनी डबा उघडला, क्षणभर पाहिले आणि काही न बोलता झाकण लावून टाकले. त्या मौनाचा अर्थ आम्हांस दुसऱ्या दिवशी समजला.

तो अर्थ असा. तुटलेला भाग थंड ठेवावयाचा असतो हे खरे, परंतु तो गोठू द्यावयाचा नसतो. बर्फाचा प्रत्यक्ष स्पर्श झाला की मांसपेशींतील पाणी गोठते, सूक्ष्म रक्तवाहिन्यांची अस्तरे फुटतात, आणि मग कितीही निष्णात हात असला तरी त्यांतून रक्त पुन्हा वाहते करणे कठीण होते. नुसत्या पाण्यात बुडवून ठेवणेही तितकेच वाईट, कारण भाग फुगून बुळबुळीत होतो. योग्य रीत अगदी सोपी आहे. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा, ओलसर केलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बांधावे, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोटांत मांसल स्नायू नसल्यामुळे तुटलेले बोट हातापायांच्या मानाने पुष्कळ वेळ तग धरते. साध्या हवेत सुमारे बारा तास आणि असे थंड ठेवल्यास सुमारे चोवीस तास, असा अंदाज शल्यवैद्य सांगतात. अर्थात तो अवधी आहे म्हणून चहा घेऊन निघावे असे नाही; उलट भूल द्यावी लागण्याचा संभव असल्यामुळे चहा घेऊच नये.

जखमेविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. स्वच्छ कापडाचा दाब आणि हात छातीहून उंच, एवढ्याने बोटाचे बहुतेक रक्त थांबते. बोटाच्या मुळाशी सुतळी किंवा रबर आवळून बांधण्याची आपली आवड घातक आहे. अंगठी मात्र ताबडतोब काढावी, कारण तासाभरात बोट सुजते आणि मग ती कापून काढावी लागते. हळद, चुना व कॉफीची पूड यांचा मान स्वयंपाकघरात आणि पानाच्या डब्यात राखावा; जखमेत त्या गेल्या की वैद्याचा पहिला अर्धा तास त्या धुऊन काढण्यात जातो.

आता बोटाच्या टोकात एवढे आहे तरी काय? आपल्या बोटांत, तळहाताच्या पुढे, त्यांस हालविणारा एकही स्नायू नाही, हे ऐकून मला प्रथम नवल वाटले. बोटे वाकविणारे बलवान स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात, आणि तेथून कंडरा नावाच्या चिवट दोऱ्या बोटांपर्यंत जातात. म्हणजे कळसूत्री बाहुलीचाच प्रकार. सूत्रे हालविणारा पडद्याआड. परंतु टोकाचे खरे महत्त्व हालचालीत नसून स्पर्शात आहे. तेथील गादी चरबीच्या बारीक कप्प्यांची बनलेली असते, म्हणून टाचणी उचलताना ती घसरत नाही. मागून नखाचा आधार मिळतो, म्हणून चिमूट घट्ट बसते. आणि मज्जातंतूंची टोके तेथे इतकी दाट असतात की डोळे मिटूनही आपण नाण्याची कडा व गुंडीची कडा निराळी ओळखतो. अंध बांधव ज्या ब्रेल लिपीत वाचतात, तिच्या दोन टिंबांत जेमतेम अडीच मिलिमीटरांचे अंतर असते. तेवढे अंतर बोटाचे अग्र वाचू शकते. पाठीच्या त्वचेस ते कदापि वाचता यावयाचे नाही.

स्पर्श गेला म्हणजे हाताचे काय होते, हे डॉक्टर पॉल ब्रँड यांनी जगास दाखविले. तामिळ मुलुखातील कोल्ली डोंगरात १९१४ साली त्यांचा जन्म झाला आणि १९४६ पासून वेल्लोर येथे त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर काम केले. रुग्णांची बोटे रोगाने सडून गळतात, असा तोपर्यंत सर्वत्र समज होता. ब्रँड यांस आढळले की मज्जातंतू मेल्यामुळे बोटांस वेदना कळत नाही. आणि वेदना कळत नाही म्हणून चुलीवरील भांडे, कुलपात न फिरणारी किल्ली आणि रोजच्या लहानसहान जखमा यांनी ती बोटे हळूहळू झिजून जातात. माझे बोट ठणकत असे तेव्हा हे आठवून मला, सुख नव्हे, परंतु धीर येत असे.

शस्त्रक्रियेच्या वेळी मी जागा होतो. बोटाच्या मुळाशी टोचून तेवढेच बधिर केले होते. जखम एक चौरस सेंटिमीटरहून लहान असेल आणि हाड उघडे पडले नसेल, तर पुष्कळदा काहीच कापाकापी न करता नुसत्या बंद पट्टीखाली तीन ते सहा आठवड्यांत टोक आपोआप भरून येते, आणि शस्त्राने केलेल्या टोकापेक्षा ते काही वेळा अधिक सुबक होते. अशा पट्टीखाली द्रव साठून दुर्गंधी सुटते. ती कुजण्याची खूण असेलच असे नाही. तथापि ताप, लाली अथवा वाढता ठणका असल्यास तत्काळ दाखवावे. मुका मार लागून नखाखाली रक्त साठले, तर नखास बारीक छिद्र पाडून ते काढतात व ठणका क्षणात उतरतो. नखाखालचे कोमल अस्तर फाटले असेल, तर ते केसासारख्या धाग्याने शिवावे लागते, नाहीतर नवे नख दुभंगून उगवते.

माझ्या बोटाचे हाड मात्र उघडे पडले होते. तेव्हा मार्ग दोन होते. हाड थोडे कमी करून कातडी मिटवून टाकावी, अथवा जवळची कातडी पुढे आणून त्यावर पांघरावी. पहिल्या मार्गाने माणूस लवकर कामावर जातो, परंतु बोट आखूड होते. माझा पेशा ऐकून डॉक्टरांनी दुसरा मार्ग पत्करला. बोटाच्या तळव्याकडील बाजूस इंग्रजी व्ही अक्षरासारखा छेद घेतला, तो त्रिकोणी पदर त्याच्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू न तोडता पुढे सरकविला, आणि मागे जी फट राहिली ती शिवली तेव्हा आकृती वाय अक्षरासारखी झाली. इटलीतील त्रांक्विली-लेआली यांनी ही रीत १९३५ साली वर्णिली आणि अमेरिकेतील अटासॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली ती प्रसृत केली. मुलांची अक्षरे गिरवून घेण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या बोटावर अखेर कोणीतरी दोन अक्षरे गिरविली! बोट वाकवून तळहातास शिवून ठेवण्याची व दोनतीन आठवड्यांनी सोडविण्याची आणखी एक रीत आहे. पण ती तरुणांस बरी. माझ्या वयात तसे वाकवून ठेवलेले बोट पुन्हा सरळ होण्याचे नाकारते.

जवळची जिवंत कातडी सरकवून उणीव भरून काढण्याची ही युक्ती आपणांस परकी नाही. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिन या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये पुण्याजवळची एक हकीकत छापली गेली. कावसजी नावाचा शेतकरी वर्गातील एक मराठा इंग्रजी फौजेत बैल हाकीत असे. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक कापण्यात आले. पुढे वर्षभराने पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक बसविले. या लेखाने युरोपातील शल्यवैद्य चकित झाले आणि तेथे या विद्येचा नवा अभ्यास सुरू झाला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच लेखात आणखी एक वाक्य आहे, जे आपण सहसा सांगत नाही. कावसजीचे नाकाबरोबर एक हातही तोडला होता. नाक मिळाले, हात मिळाला नाही. त्या कारागिराच्या कौशल्यात उणेपणा होता असे नाही. कातडी उसनी आणता येते, परंतु तुटलेल्या हातातील रक्तवाहिन्या पुन्हा जोडावयाच्या तर त्यास सूक्ष्मदर्शक पाहिजे आणि डोळ्यांस न दिसणारा धागा पाहिजे. ती साधने यावयास पावणेदोनशे वर्षे लागली. १९६२ साली अमेरिकेत बॉस्टन येथे एका बारा वर्षांच्या मुलाचा संपूर्ण तुटलेला बाहू जोडण्यात आला, आणि १९६५ साली जपानमधील नारा येथे कोमात्सु व तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली जोडून जिवंत केला. बोटातील रक्तवाहिनी एक मिलिमीटर रुंद, टोकाकडे त्याहून अरुंद. आज आपल्या देशातही अशा शस्त्रक्रिया होतात.

म्हणून प्रत्येक तुटलेले बोट जोडतातच असे समजू नये. अंगठा असेल, अनेक बोटे असतील किंवा रोगी बालक असेल, तर जोडण्याचा आग्रह धरतात. हाताच्या कामगिरीपैकी सुमारे चाळीस टक्के वाटा एकट्या अंगठ्याचा मानण्याचा प्रघात आहे. द्रोणाचार्यांनी एकलव्याकडे नेमके काय मागितले, ते यावरून ध्यानात येते. परंतु साठी उलटलेल्या गृहस्थाच्या एकाच बोटाचे टोक, आणि तेही चेंगरून तुटलेले, जोडून पदरी यश येईलच असे नसते. शल्यचिकित्सकांनी माझ्या पत्नीस हे समजावून सांगितले. "बाई, बर्फ लागला नसता तरी मी ते बहुधा जोडले नसते," असे ते म्हणाले. तिने ऐकून घेतले. घरी आल्यावर मात्र तिने वर सांगितलेली पिशवीची रीत एका कागदावर आपल्या हाताने लिहून फ्रीजच्या दारावर चिकटविली. घरातील सर्व लेखन तोपर्यंत माझ्याकडे असे. तो कागद अजून तेथेच आहे, आणि त्याविषयी आम्ही दोघे कधी बोललो नाही.

बाराव्या दिवशी टाके निघाले आणि मी मनाशी म्हटले, सुटलो. येथेच माझी मोठी चूक झाली. दुखेल या भीतीने मी तोपर्यंत सगळा हात देव्हाऱ्यातील मूर्तीसारखा निश्चल ठेवला होता. परिणामी इजा एका बोटास, पण आखडली चारही बोटे, खांदासुद्धा धरला. शिवाय त्या टोकास चादरीचा स्पर्श झाला तरी विजेचा झटका बसावा तसे होई. लेखणी धरणे दूरच राहिले. वडिलांकडून शिकलेल्या मोडीच्या बळावर मी लोकांच्या घरचे जुने कागद बाळबोधीत उतरवून देतो. निवृत्तीनंतर मला माणसांत ठेवणारा उद्योग तो एवढाच. तिघांचे कागद माझ्या टेबलावर पडून होते, आणि ते परत नेऊन देण्याचे मी ठरविलेही होते.

व्यायामोपचाराच्या खोलीत माझ्या शेवटल्या तुकडीतील मुलींच्या वयाची एक बाई होती. ती म्हणाली, "सर, टाके डॉक्टरांनी काढले. आता गृहपाठ तुमचा." आणि खरोखरच तिने वही घातली. मधले पेर दुसऱ्या हाताने धरून फक्त शेवटचा सांधा वाकवावयाचा, मग आकड्यासारखी बोटे, मग पुरी मूठ. प्रत्येक प्रकार दहा वेळा आणि दिवसातून सहा वेळा. टोकाची भीती घालविण्यासाठी प्रथम मलमल, मग खादी, मग गोणपाट त्यावर घासावयाचे. त्यानंतर स्वयंपाकघरातील डबे: राजगिऱ्यात बोट खुपसून पाच मिनिटे फिरवावयाचे, ते सोसू लागले की तांदूळ, मग मसूर, शेवटी हरभरे. माझ्या पत्नीने यासाठी चार डबे वेगळे काढले. अखेरीस डोळे मिटून त्यांतली गुंडी, नाणे व किल्ली शोधावयाची. मेंदूस बोटाची नवी भाषा शिकवावी लागते, असे ती बाई सांगे. तुटलेला मज्जातंतू जोडला तर दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो. माझे मज्जातंतू पदराबरोबर शाबूत आले होते, तरी स्पर्श मंद झाला होता. कंपासपेटीतल्यासारखी दोन टोके ती माझ्या बोटास लावी आणि एक की दोन असे विचारी. निरोगी बोट सहा मिलिमीटरांहून कमी अंतरही ओळखते. पहिल्या महिन्यात मला बारा मिलिमीटरांवरही एकच टोक लागे. मुलांच्या पाटीवर चुकीच्या खुणा करताना मी कधी एवढा विचार केला नव्हता.

त्या खोलीत भेटलेल्या दोघांविषयी सांगितले पाहिजे. एक गृहिणी होती. काचेचा पेला विसळताना तो फुटून मधल्या बोटाच्या मुळाशी अर्ध्या इंचाची जखम झाली. कोणीतरी दोन टाके घातले. पंधरा दिवसांनी तिच्या ध्यानात आले की बोट वाकतच नाही. आतल्या दोन्ही कंडरा तुटल्या होत्या, आणि तुटलेली कंडरा पायजम्याच्या नाडीसारखी आत ओढली जाते. तळहाताच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या सांध्यापर्यंतचा हा प्रदेश शल्यवैद्यांस एके काळी इतका दुर्गम वाटे की, अमेरिकन शल्यवैद्य स्टर्लिंग बनेल यांच्या काळी त्यास बेवारशी मुलुख असे नाव पडले होते आणि तेथे कंडरा लगेच जोडू नये असा दंडक होता. १९६७ साली क्लाइनर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दंडक मोडून दाखविला. आता कंडरा लवकर जोडतात आणि पट्टीच्या आधाराने थोड्याच दिवसांत बोट हालवावयास लावतात, कारण स्थिर ठेवलेली कंडरा भोवतालास चिकटून बसते. या बाईंस मात्र विलंबामुळे दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया करावी लागली. घरी कोणाचाही हात काचेने अथवा विळीने कापला, तर जखम केवढी हे पाहण्यापूर्वी प्रत्येक बोटाचे शेवटचे पेर वाकते की नाही आणि टोकाच्या दोन्ही कडांस स्पर्श कळतो की नाही, एवढे जरूर पाहावे.

दुसरा रसवंतीवाला तरुण. उसाच्या चरकात त्याची बोटे गेली होती. त्याच्या दोन कंडरा उत्तम जुळल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात हात बरा वाटू लागला म्हणून त्याने पाण्याची बादली उचलली, आणि जोड तुटला. जोडलेल्या कंडरेस सहा आठवडे संरक्षण आणि सुमारे बारा आठवडे जड कामापासून विश्रांती लागते. बरे वाटणे हे बरे झाल्याचे लक्षण नव्हे. त्याला तंबाखूचेही व्यसन होते. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, ही गोष्ट डॉक्टर त्यास रोज सांगत आणि तो रोज मान हालवी.

इजा न दिसणाऱ्या एका प्रकाराचाही उल्लेख करतो. गादीखाली चादर खोवताना बोटाचे टोक अडकून शेवटचे पेर एकदम लोंबते, दुखतही फार नाही. यास शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. ते पेर सहा ते आठ आठवडे पट्टीत अगदी सरळ ठेवावे लागते. मात्र अंघोळीच्या वेळी एकदा जरी ते वाकू दिले, तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावयाचे.

माझे नख सहा महिन्यांनी पूर्ण आले, किंचित पोपटाच्या चोचीसारखे वाकडे. हाडाचा आधार कमी पडला की असे होते. दोन टोकांतले आठ मिलिमीटरांचे अंतर आता मला कळते. सहापर्यंत मी पोहोचलो नाही. थंडीत ते टोक पांढरे पडून ठणकते, आणि हे बहुधा आणखी काही वर्षे चालेल असे सांगतात. सातव्या महिन्यात मी पहिला मोडी कागद पुरा केला. पूर्वी तर्जनीवर येणारा लेखणीचा भार आता मधल्या बोटाने उचलला आहे, त्यामुळे अक्षर थोडे डावीकडे कलते. हे भाषण मी त्याच हाताने लिहून काढले. पौषाची पहाट होती; दर पानानंतर थांबून चहाचा पेला बोटाशी धरावा लागला, आणि सहाव्या पानाच्या आरंभी पत्नीने तो न मागता पुन्हा भरून आणून ठेवला.